राखणदाराचं शेवटचं पान

सकाळी साडेनऊला प्रेसमध्ये यशोधराच्या मोबाईलवर मेसेज आला. "राखणदार मेला तर प्रेस राहणार नाही." खाली श्रीरामपुरातल्या तिच्याच प्रेसच्या शटरचा फोटो होता. शटर अर्धं उघडं, आज तिने ठेवलं होतं तसंच, म्हणजे फोटो आजचाच.

राखणदार हा तिच्या कॉमिकचा नायक. उसाच्या फडात राहणारा, बिबट्यांशी बोलणारा. बाराव्या अंकात त्याला मारून ती मालिका बंद करणार होती. पण तो अंक अजून प्रेसबाहेर गेलाच नव्हता. मग मेसेज पाठवणाऱ्याला कळलं कसं?

चाहत्यांच्या ग्रुपवर सहा हजार जण होते. तिथे कुणीतरी शेवटचं पान टाकलं होतं. तिने ते मोठं करून पाहिलं. पानाच्या कोपऱ्यांत बारीक काळ्या रेघा होत्या, कागद कुठे कापायचा त्या खुणा. कापल्यावर त्या उरत नाहीत. फोटो इथेच काढलेला होता, आणि इथे माणसं दोनच : ती आणि कटिंग मशीनवरचा गोरक्ष.

तो तिच्याकडे पाठ करून गठ्ठा सारखा करत होता. अर्धे अंक कापून झाले होते.

"गोरक्षभाऊ, पान तुम्ही पाठवलंत?"

त्याचे हात थांबले. "व्हय, ताई. लोकं वरडली तर तुमी पान बदलाल, असं वाटलं. त्यो मरायला नको. लई जीव हाय लोकांचा त्याच्यावर."

"आधीचे अकरा अंकही तुम्हीच टाकलेत तिथे?"

त्याने गठ्ठ्याची कड पुन्हा सारखी केली.

"सहा हजार वाचतात, भाऊ. विकत घेतात तीनशे. म्हणून मरतोय तो."

"वाचलं म्हंजी चाललंच की!"

बाहेर मोटारसायकली थांबल्या. एक, चार, मग मोजता येईनात.

"शटर ओढा," ती कुजबुजली.

गोरक्षने शटर ओढलं नाही. कापलेल्या अंकांचा गठ्ठा उचलून तो पायरीवर गेला. "जाळायचा आसंल तर जाळा. पर आदी इकत घ्या. चाळीस रुपये."

कुणी हललं नाही. मग लाल टोपीवाल्या एकाने नोट दिली, अंक घेतला, शेवटचं पान टरकावून पायरीवर टाकलं आणि उरलेला अंक शर्टाच्या आत जपून ठेवला. दुसऱ्यानेही तेच केलं. मग तिसऱ्याने. कुणी हसत नव्हतं, बोलत नव्हतं. यशोधरा मशीनला पाठ लावून उभी होती. प्रत्येक टर्र आवाजाला तिचे खांदे आखडत होते.

गठ्ठा संपला. लाल टोपीवाला उंबऱ्यापाशी आला.

"ताई, पुढचा अंक कधी?"

तिच्या पाठीमागचं मशीन सोमवारी कर्जतला जाणार होतं, विक्रीचा इसारही घेऊन झाला होता. गोरक्षला ते ठाऊक होतं. त्याने मान खाली घातली.

"दिवाळीला," यशोधरा म्हणाली.

लाल टोपीवाल्याने मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. रेकॉर्डिंग चालू होतं.

"तारीख सांगा. ग्रुपवर टाकायची हाय."