साक्षीच्या मागचे दोघे

भूगोल विभागाच्या दारात साठ-सत्तर चपला ओळीनं काढून ठेवलेल्या होत्या. मुकुंद सर पायरीवरच थबकले. एवढ्या चपला एका दारात त्यांनी आजवर कीर्तनाच्या मांडवापाशीच पाहिल्या होत्या. त्यांनी कान टवकारले. टाळ नाही, मृदंग नाही.

"आत सप्ताह बसलाय का हो?" त्यांनी शिपाई तातेरावांना विचारलं.

"न्हाई सर, तुमचाच तास हाय. दिवाळीत नवी फरशी बसली, तवापासून पोरं आपल्या मनानं चपला काढून राह्यले. रामकृष्ण हरी!" सरांच्या कपाळावरचा बुक्का तातेरावांनी फाटकातच हेरला होता.

"रामकृष्ण हरी," म्हणत सरांनीही बूट काढले. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, पण आता इलाज नव्हता.

मुकुंद सर नाशिकच्या महाविद्यालयातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. जन्मभर भूजल शिकवलं आणि जन्मभर कीर्तनं ऐकली. कोणतं जास्त केलं हे सांगणं अवघड. अंबड रस्त्यापासून थोडं आत असलेल्या या नव्या विद्यापीठानं त्यांना महिनाभरासाठी पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलावलं, आणि नवी जागा बघायला मिळणार म्हणून ते लहान मुलासारखे हरखून आले.

आणि जागा होतीही बघण्यासारखी. मुरमाड माळ, त्यावर कमरेएवढी लिंबाची रोपं, प्रत्येक रोपापाशी ते लावणाऱ्या पाहुण्याच्या नावाची पाटी. पाट्या रोपांपेक्षा उंच. ग्रंथालयाचा तिसरा मजला अजून व्हायचा होता, त्याच्या सळया आभाळाकडे बघत उभ्या. आणि मधोमध जाळी टाकलेली एक जुनी विहीर. सरांनी गंमत पाहिली, येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यात डोकावून मगच पुढं जाई. कुलसचिवसुद्धा डोकावले. पाणी किती आहे हे बघितल्याशिवाय इथं कुणाचा दिवस सुरू होत नसावा.

वर्गात मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. पुढच्या दोन रांगा रिकाम्या.

"पुढं का बसत नाही कुणी?"

"पुढं पाहुणे बसत्यात, सर," मागून एक जण म्हणाला. तो अंगद. वर्गाचा वकील तोच, हे सरांना दोन दिवसांत कळलं.

सरांनी विचारलं, "तुमच्या गावात विहिरीची खोली कशात मोजतात?"

"परस!" सगळा वर्ग एका आवाजात.

"शाबास. एक परस म्हणजे पाच फूट. बरोबर?"

"हो सर!"

सर खूश झाले. फळ्यावर पाच फुटांच्या हिशेबानं कोष्टक मांडलं आणि अंगदकडून त्याचा मोठा तक्ता करवून भिंतीला लावला. प्रत्येकानं आपापल्या गावच्या विहिरी मोजायच्या, महिन्याच्या शेवटी बाहेरच्या परीक्षकांपुढं दहा मिनिटं त्यावर बोलायचं. कळलं? हो सर! जमेल? हो सर!

आठवड्यानं वह्या आल्या. साक्षी नावाच्या मुलीची वही उघडली आणि सर खुर्चीत सरसावून बसले. पिंपळगाव रेणुकाईच्या एकेचाळीस विहिरी. दोरीला दगड बांधून एकेक मोजलेली, कुणाच्या कठड्यावर उंबर आहे इथपर्यंत लिहिलेलं. आणि समासात पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात: 'सरांनी परस पाच फुटांचा सांगितला. आमच्याकडं विहीर खोदणारे सहा धरतात. दोरीनं पडताळून पाहिलं. सहाच आहे.'

सर तडक वर्गात गेले. "परस सहा फुटांचा आहे हे किती जणांना माहीत होतं?"

हळूहळू सगळे हात वर झाले.

"मग त्या दिवशी हो सर का म्हणालात?"

सगळ्यांनी अंगदकडं पाहिलं. अंगद उठला. "सर, तुम्ही एवढ्या लांबून आल्ते. पहिल्याच दिवशी पाहुण्याला न्हाई कसं म्हणावं?"

सरांना हसावं की रागवावं कळेना. "आणि साक्षी, तू? तू तर मोजून पाहिलंस. तोंडानं का नाही बोललीस?"

साक्षी उभी राहिली. ओठ हलले, शब्द आला नाही. ती तशीच उभी, आणि वर्ग खाली मान घालून बसलेला. शेवटी सरांनीच तिला बसायला सांगितलं.

विभागप्रमुख प्रीती मॅडमनी चहा पिता पिता सगळं सांगितलं. "सर, ती वर्गात पहिली आहे. पण एकटीला उभं केलं की संपलं. मागच्या सत्रात चार मिनिटं उभी राहिली आणि रडत खाली बसली. या वेळी सेमिनार झाला नाही तर पेपर राहील. पेपर राहिला की वसतिगृहाची खोली जाईल, आणि गावाहून रोज येणं तिला व्हायचं नाही. आम्ही सगळं करून पाहिलं. आरशापुढं बोल म्हणलं, डोळे मिटून बोल म्हणलं."

सगळं करून पाहिलेल्या माणसाला आपण काय सांगायचं, असं सरांना झालं.

दोन दिवसांनी दुपारी चारच्या सुमाराला ते विहिरीत डोकावून (हो, त्यांनाही सवय लागली होती) सभागृहावरून चालले होते. आत संविधान दिनाच्या गाण्यांची तालीम चाललेली. एक मुलगा ओळ म्हणे, आणि मागच्या पाच-सहा जणी ती उचलत. त्यात एक आवाज असा की सरांचे पाय खिळले. भरलेला, मोकळा, ओळीचं टोक अलगद उचलून गाणाऱ्याच्या हातात परत देणारा. त्यांनी दारातून पाहिलं. साक्षी!

तालीम सुटल्यावर त्यांनी तिला गाठलं. "तू तर मला रोज फसवतेस की गं!"

साक्षी लाजली, पण चारचौघींत होती म्हणून बोलली. "न्हाई सर. आमच्या आजोबांची गायन पार्टी हाय ना. अण्णासाहेब म्हणलं की आमच्या भागात सगळे ओळखत्यात. भीमगीतं, बुद्धगीतं. मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागं कोरसला."

"पुढं कधी नाही गायलीस?"

"कधीच न्हाई. पुढं आजोबा." मग थोडं थांबून, चपलेनं मुरूम उकरत ती म्हणाली, "वर्गात उभं राह्यलं ना सर, की पाठीला गार लागल्यासारखं होतं. मागं कुणीच नसतं."

सर खोलीवर आले ते स्वतःवरच चिडत. पन्नास वर्षं कीर्तनं ऐकली आणि हे डोळ्यांपुढचं दिसू नये? केवढाही मोठा बुवा असो, एकटा उभा राहतो का कधी? मागं टाळकरी असतात. बुवांनी ओळ सोडली की ते झेलतात, घोळवतात, तेवढ्यात बुवा श्वास घेतात, पुढचं आठवतात, घामही पुसतात. बुवा अडले तर टाळकरी तीच ओळ धरून ठेवतात, तासभरसुद्धा. मांडवातल्या माणसाला कळतही नाही. देवाच्या दारात एकट्यानं बोलायची सक्ती नाही, आणि आपण या पोरीला परीक्षकांच्या तोंडी एकटीला देतो!

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रीती मॅडमपुढं बेत मांडला. साक्षी बोलेल, आणि मागं दोघं उभे राहून तिच्या मुद्द्याचं शेवटचं वाक्य उचलतील.

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "सर, हा सेमिनार आहे. मागचे बोलले तर मार्क कुणाचे?"

"टाळकऱ्यांना कुणी बुवा म्हणतं का, मॅडम? विहिरी तिनं मोजल्यात. ते तिचंच तिला परत देणार."

"आणि परीक्षकांनी विचारलं तर?"

"सांगा, पाहुण्याचा हट्ट आहे. पाहुण्याला न्हाई म्हणत नाहीत ना तुमच्याकडं?"

मॅडम हसल्या आणि फसल्या.

सेमिनारच्या दिवशी पुढच्या दोन रांगांत खरोखरचे पाहुणे होते. मधे बाहेरचे परीक्षक, जाड चष्म्याचे, कपाळावर आठ्या. साक्षीचं नाव पुकारलं गेलं. ती फळ्यापाशी आली. मागं उजवीकडं अंगद, डावीकडं तिची मैत्रीण यशश्री. दारात तातेराव हात जोडून. मुकुंद सरांनी मनातल्या मनात पांडुरंगाला हाक मारली.

साक्षीनं तोंड उघडलं. काही आलं नाही. एक क्षण, दोन क्षण. तिनं मान किंचित मागं वळवली. दोघं उभे होते.

"पिंपळगाव रेणुकाईत..." आवाज कापत होता, "मी एकेचाळीस विहिरी मोजल्या."

"एकेचाळीस विहिरी मोजल्या!" मागून आलं.

परीक्षकांनी चष्मा वर केला. साक्षीनं श्वास घेतला. पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचंही. उंबराची विहीर, शाळेमागची विहीर. वर्गाला लय सापडली. चौथ्या-पाचव्या वाक्याला मागच्या बाकांवरूनही साथ यायला लागली. प्रीती मॅडमनी कपाळाला हात लावला, पण थांबवलं नाही.

"देवळाजवळच्या विहिरीत पाणी चार परसांवर लागतं," साक्षी म्हणाली, "म्हणजे चौदा फुटांवर."

"चौदा फुटांवर!" अख्खा वर्ग, खणखणीत.

मुकुंद सरांनी डोळे मिटले. चार सक चोवीस. पोरगी घसरली, आणि तिच्याबरोबर सगळा मांडव घसरला.

साक्षी गर्रकन वळली. "चौदा कुठून रे?"

"तूच म्हणली की!" अंगद.

"मी चुकले. पण तू काय म्हणून चुकला? चार परसाचे चौदा कोणत्या गावात होत्यात? तुझ्या गावात विहीर न्हाई का?" आता ती वर्गाकडं वळली. "आणि तुम्ही सगळे? ऐकून तरी म्हणा की! चोवीस. चार परस, चोवीस फूट. उन्हाळ्यात त्याच विहिरीत पाणी अकरा परसांवर जातं. हे चौदा-बिदा धरून कुणी मोटार बसवली तर ती हवाच ओढल!"

वर्गात हशा फुटला. परीक्षकांचा चष्मा नाकावर घसरला, तेही हसत होते. हसू ओसरलं तेव्हा साक्षी पाणी इतकं खाली का जातं ते सांगत होती, खडूनं फळ्यावर जमिनीचे थर काढून, आणि अंगद-यशश्री वाक्य उचलायचं विसरून नुसते ऐकत होते. दहाची सोळा मिनिटं झाली. परीक्षकांनी तीन प्रश्न विचारले. तिन्हींची उत्तरं तिनं दिली, मागं वळून न बघता.

"बसा," परीक्षक म्हणाले. कागदावर काहीतरी लिहून त्यांनी तो प्रीती मॅडमकडं सरकवला. मॅडमनी आकडा वाचला, मुकुंद सरांकडं पाहून मान हलवली. वसतिगृहाची खोली वाचली.

तातेराव दारातून पुटपुटले, "टाळकरी चुकले, पर बुवा तयार झाले."

परीक्षक गेल्यावर मुकुंद सर समारोपाला उभे राहिले. उद्या सकाळी त्यांची गाडी होती. त्यांनी थोडक्यात आवरलं. "महिना छान गेला. तुमच्याकडून पुष्कळ शिकलो. आता कुणाला काही शंका?"

"न्हाई सर!" सगळा वर्ग एका आवाजात.

"एक हाय, सर."

माना वळल्या. साक्षी बाकावरून उठली होती, एकटीच.

"भिंतीवरच्या तक्त्यात अजून पाचच फूट हाय. तुम्ही गेल्यावर नवीन पोरं तेच खरं धरतील."

सरांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढं धरलं. साक्षी भिंतीपाशी गेली, पाचावर आडवी रेघ ओढली आणि वर सहा लिहिलं. मग जरा विचार करून त्यापुढं लहान अक्षरात लिहिलं: 'दोरीनं मोजून.' पेन परत देताना ती म्हणाली, "जय भीम, सर. जपून जा."

"जय भीम, बाळा," सर म्हणाले, आणि दारातल्या चपलांच्या गर्दीत आपले बूट शोधायला लागले.