आबांच्या वाटची द्राक्षं

मागच्या एकतीस डिसेंबरला आम्ही पाचही जण स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाच्या चौकात उभे होतो. हट्ट माझ्या मुलाच्या, रुद्रच्या आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. "हॉटेलात बसून फटाके बघायला नाशिक काय वाईट होतं? तिथली माणसं करतात तसं करू." तिथली माणसं घड्याळाच्या मनोऱ्याखाली जमतात आणि बाराच्या बारा टोल्यांना बारा द्राक्षं खातात, एका टोल्याला एक. सगळी पोटात गेली की वर्ष चांगलं जातं. अंगात आतून काहीतरी लाल हवं, हेही आबांनी हॉटेलातल्या बाईकडून काढून घेतलं आणि माझ्या नवऱ्याला, गौरांगला दुकानात पिटाळलं.

"अहो, या वयात लाल चड्डी?" आई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या.

"अगं, आत काय घातलंय ते बघणार आहे का कुणी?"

नंतर टोले सुरू झाले. रेटारेटीत रुद्रचा डबा हातातून उडाला आणि त्याची द्राक्षं कुणाच्यातरी बुटांखाली गेली. त्यानं भोकाड पसरायच्या आत आबांनी स्वतःची उरलेली दाताने अर्धी अर्धी करून त्याला भरवली. मी ओरडले, "बाबा, उष्टं!" आणि ते हसत राहिले.

ऑगस्टमध्ये आबा गेले. सकाळी फिरून आले, चहाला बसले आणि चहा तसाच राहिला. रुद्र तापाने फणफणला होता, म्हणून गौरांग एकटाच जर्मनीहून नाशिकला गेला. मी रुद्रला सांगितलं, आबा देवाघरी गेले. तो "जा" म्हणाला, जर्मन 'हो'सारखं, आणि लेगोकडे वळला. पाच वर्षांच्या पोराला काय कळतंय, असं मला वाटलं. मला तेव्हा तसंच वाटून घ्यायचं होतं.

डिसेंबरमध्ये आई आमच्याकडे नेकारसुल्मला आल्या. आणि नाताळ झाल्यापासून रुद्रने हट्ट धरला, द्राक्षं करायची. आबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, आमच्यात कसलाच सण नव्हता. मी बिचकत आईंना विचारलं.

"हा आपला सण कुठंय?" त्या म्हणाल्या. "पोराला करू दे."

स्पेनमध्ये लहान मुलांसाठी दुपारी बारालाच उरकतात, तसं आम्ही ठरवलं. गौरांग पातेलं आणि डाव घेऊन टोले द्यायला उभा राहिला. मी बारा बारा द्राक्षं वाट्यांतून मांडली, रुद्रची चिरून. आईंनी त्यांची वाटी हळूच माझ्याकडे सरकवली.

"मला नको गं. गयेला सोडली."

गौरांगचे भाऊ देवदत्तभाऊजी आईंना घेऊन गयेला गेले होते, तिथे गेलेल्या माणसाच्या नावाने एक फळ कायमचं सोडतात, हे मला माहीत होतं. पण लोक पपनस सोडतात, नाहीतर असंच कधी न लागणारं काहीतरी. आमच्या आईंनी द्राक्षं सोडली. नाशिकच्या घरी फेब्रुवारी लागला की आई-आबा दोघं गॅलरीत द्राक्षांची पेटी मध्ये ठेवून बसायची.

"अहो आई, द्राक्षं कशाला?"

"नावडतं सोडलं तर ते सोडणं कसलं?"

मी त्यांच्या वाटीत काजू घातले. गौरांगने डाव उचलला. रुद्रने दोन्ही हातांनी आपली वाटी झाकली.

"आज्जीनं द्राक्षंच खायला पाहिजेत," तो जर्मनमध्ये म्हणाला. तो बहुतेक जर्मनमध्येच बोलतो, आई अंदाजाने समजून घेतात.

"काजू चालतात रे," गौरांग म्हणाला.

"नाही चालत. आबाची मी खाल्ली. आबाची बारा झाली नाहीत. म्हणून तो मेला."

गौरांगने डाव खाली ठेवला. एवढे महिने हे पोर रोज दात घासत होतं, किंडरगार्टनला जात होतं, माझ्या कुशीत झोपत होतं, आणि हे त्याच्या आत होतं.

"काय म्हणतोय?" आईंनी विचारलं. मी सांगितलं. सगळं नाही सांगता आलं, पण त्यांना कळलं.

त्यांनी रुद्रला मांडीवर ओढलं. "वेडा आहेस का रे? आबांनी तुला दिली ना, तेव्हा मी माझी आबांना दिली. त्यांची पुरती बारा झाली होती."

"खरं?"

"अगदी खरं. आबांना हृदयाचा आजार होता राजा. द्राक्षांचा नाही."

रुद्र त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचे खांदे खाली आले, मला दिसले. आणि मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"म्हणजे तुझी बारा झाली नाहीत," या वेळी तो मराठीत म्हणाला. "आज्जी, तुला खायलाच लागतील."

मी म्हणणार होते, अरे आज्जीचा नियम आहे. म्हणू शकले असते. पण मला ते खांदे पुन्हा वर गेलेले बघवले नसते.

आईंनी हात पुढे केला. मी काजू काढून द्राक्षं परत घातली. गौरांगने पातेल्यावर डाव मारला, अगदी हळू, आणि रुद्र त्यांच्या तोंडाला बोट लावून मोजत राहिला, "आइन्स, त्स्वाय, ड्राय..." त्यांनी एकेक खाल्लं. मधे एकदा गिळताना थांबल्या, तर तो म्हणाला, "आबासारखं थांबू नको." बारा झाली तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या आणि स्वतःची न खाताच लेगोकडे पळाला.

आई स्वयंपाकघरात गेल्या. मी गेले तेव्हा नळ सुरू होता आणि त्या चूळ भरत होत्या, पुन्हा पुन्हा.

"आई, दुसरं फळ सोडता येत असेल."

"येईल गं. विचारू भटजींना." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "गोड निघाली मेली. आंबट असती तर बरं झालं असतं."

मी विचारायला नको होतं. "तुम्ही खरंच दिली होती बाबांना?"

"कुठली? मी माझी सगळी खाल्ली." त्या नळाकडेच बघत होत्या. "टोला चुकेल म्हणून घड्याळावरचे डोळे काढले नाहीत. शेजारी ते काय करताहेत, ते बघितलंसुद्धा नाही मी."

मी नळ बंद केला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.