डावा कान सपनाचा

माझी आई सोंग करते, यावर देवळीतल्या आमच्या गल्लीत कुणाचंच दुमत नव्हतं. आमची पिठाची चक्की होती आणि चक्कीच्या मागेच घर. चक्की धडधडत असायची, पट्टा फटफटत असायचा, दळण घेऊन आलेल्या बाया एकमेकींच्या अंगावर ओरडत असायच्या आणि त्या गदारोळात आई मजेत गप्पा मारायची. कुणाचं दळण जाडं हवं, कुणाची सून रुसून माहेरी गेली, तिला सगळं ऐकू यायचं. पण चक्की बंद पडून घर शांत झालं की ही बहिरी. हाका मारून आपला घसा बसायचा, हिची मान वर व्हायची नाही.

"कामाचं असलं की बरं ऐकू येते अनुसयाबाईले," शेजारच्या विमलाबाई म्हणायच्या. बाबूजी हसायचे. त्यात आई बोलायची अगदी हळू. बहिरी माणसं ओरडून बोलतात, हिचं बोलणं तर कान देऊन ऐकावं लागे. मग ही बहिरी कशी? मीही तेच म्हणायचे, आणि सगळ्यांपेक्षा जास्त चिडायचे, कारण माझा स्वभावच तसा आहे.

सपना माझी मोठी बहीण. ती गेली चौऱ्याण्णव साली, भर दुपारी. लाइन गेली होती, म्हणून चक्की बंद होती. बाबूजी पट्टा आणायला वर्ध्याला गेले होते आणि मी शाळेत. सपना परसात जळणाच्या ढिगातून लाकडं काढायला गेली आणि ढिगात साप होता. तिने आईला हाका मारल्या. भीतीने तिचे पाय गळाले असावेत, कारण ती तिथेच खाली बसली आणि हाका मारत राहिली. भिंतीपलीकडे विमलाबाईंनी त्या ऐकल्या. त्यांना वाटलं, आई आहे ना घरात, जाईल. आई होतीच घरात. स्वयंपाकघरात परसाकडे पाठ करून डाळ निवडत बसली होती. निवडलेले खडे टाकायला ती बाहेर आली, तेव्हा सपनाचं अंग निळं पडायला लागलं होतं. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं.

त्यानंतर आईला सोंगाडी कुणी म्हटलं नाही. तिच्या कानांबद्दल कुणी काहीच बोललं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. बोलणार तरी काय? सोंग म्हणावं तर आईने जाणूनबुजून पोरीची हाक ऐकली नाही असं होत होतं, आणि बहिरी म्हणावं तर आम्ही सगळे इतकी वर्षं तिला हसत होतो.

मग ते सुरू झालं. दुपारी चक्की थांबून घर गप्प झालं की आई अचानक मान वर करायची. शेजारी भांडं पडलं तरी जिला कळायचं नाही, ती हातातलं काम टाकून उठायची. "आली वं, आली," असं हळूच म्हणत पदराला हात पुसत परसात जायची आणि जळणाच्या ढिगापाशी उभी राहायची. बाबूजी तिच्या मागे जायचे. तिच्या तोंडासमोर येऊन मोठ्याने विचारायचे, "थांबली का?"

"थांबली," आई म्हणायची. मग दोघं घरात यायची.

बाबूजींनी ढीग उचलला. तिथे फरशी टाकली. घरात गॅस आला. तरी आई उठून जायचीच, आणि फरशीवर नेमकी त्याच जागी उभी राहायची. पहिल्यांदा हे बघून माझ्या अंगावर काटा आला. पुढे राग यायला लागला. मी त्याच घरात उभी राहून "आई, आई" करत होते, ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि जी या जगातच नाही तिची हाक मात्र बिनचूक पोचत होती. मला सपनाचा हेवा वाटायचा. मेलेल्या बहिणीचा हेवा करणारी मी एकटीच असेन, नसेनही.

मी विज्ञानाची शिक्षिका झाले. सिंदीला नोकरी लागली आणि तिथल्याच धर्मेंद्रशी लग्न झालं. दरवर्षी कानाचा धडा यायचा. मी फळ्यावर मोठा कान काढायचे. पडदा, पडद्याला टेकलेली हातोडी, मग ऐरण, मग रिकीब, शेवटी शंखासारखा वळलेला अंतर्कर्ण. पोरं हसायची, कानात लोहाराचं दुकान आहे म्हणायची. आईच्या कानातलं कोणतं हत्यार बिघडलं असेल, हा प्रश्न मी खडूच्या धुरळ्याबरोबर गिळून टाकायचे. डॉक्टरकडे चल म्हटलं की ती सरळ उठून चक्कीत जायची.

दोन हजार पाचमध्ये मला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. यात विचारायचं काही नसतं, माहेरचे येतात आणि घेऊन जातात. पण बाबूजींचा फोन आला. अडखळत म्हणाले, "तुही आई नाई म्हनते. तिकडेच करा म्हनते." माझ्या सासूबाईंनी, आनंदाबाईंनी, ते ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "असं बी माहेर असते का वं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी मी बस पकडून देवळीला गेले.

आईशी भांडायचं तर चक्की सुरू पाहिजे. मी गेल्या गेल्या बाबूजींना म्हटलं, "चक्की लावा." दळण काहीच नव्हतं, तरी त्यांनी मुकाट्याने बटण दाबलं. त्या धडधडाटात आई आणि मी समोरासमोर उभ्या राहिलो.

"मले काऊन नाई म्हटलं?" मी ओरडले.

"पोर रडन अन् मले ऐकू नाई येनार."

"मी राहीन ना."

"तू थकून झोपली राह्यशीन. मी घरात हावो, असंच वाटन ना साऱ्याईले?" ती म्हणाली. "तवा बी मी घरातच होती."

सपना गेल्यापासून तिने ते पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. माझा राग जागच्या जागी बसला. मी तिचे हात धरले. "आई, कान दाखवू. बरे होतीन."

"अन् मंग सपना? कान बरे झाले अन् तिची हाक नाई आली तं? एकदा नाई गेली मी. आता बी नाई गेली तं काय म्हनन ते मले?"

बाबूजींनी तोंड फिरवलं. मी काय सांगणार होते? सपना हाक मारत नाही असं? मी पोटावर हात ठेवला. आईने माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "चाल, दाखवू."

मोठ्या दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी नादकाटा वाजवून आधी आईच्या कानासमोर धरला. आईने नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, तशी आई दचकली. हाडातून ऐकू येत होतं. बाई म्हणाल्या, आतलं सगळं शाबूत आहे. रिकीब तेवढी जागच्या जागी जाम झाली आहे, ती हलत नाही, म्हणून बाहेरचा आवाज आत जात नाही. गोंगाटात इतर माणसं आवाज चढवून बोलतात आणि गोंगाटाचा हिला त्रासच होत नाही, म्हणून हिला चक्कीत चांगलं ऐकू येतं. स्वतःचा आवाज हाडांतून आत पोचतो, मोठाच वाटतो, म्हणून ही हळू बोलते. अशा कानांना आतल्या आत आवाजही येतात, कुणाला शिट्टी, कुणाला कुणी बोलावल्यासारखं.

हेच मी चार शब्दांत सांगितलं असतं तर बाबूजींनी मानलं नसतं. कान सोनारानेच टोचावे लागतात. "म्हनजे सोंग नोहतं," ते म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

निघताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, हे घराण्यात असतं, बायांमध्ये जास्त, आणि बाळंतपणात वाढतं. तुम्हीही लक्ष ठेवा. मी हो म्हटलं आणि दाराबाहेर पडेपर्यंत विसरलेही.

आधी एकच कान करणार, दुसरा पुढे बघू, असं ठरलं. मी आईच्या कानाशी तोंड नेऊन ते सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा उजळला. तिने बोट लावून दाखवलं. "हा उजवा नातवंडासाठी. डावा सपनाचा."

जाम झालेली रिकीब काढून तिच्या जागी तांदळाच्या कणीहून बारीक दांडी बसवली. कापूस निघाला त्या दिवशी आईला पहिल्यांदा ऐकू आल्या त्या स्वतःच्या बांगड्या. ती इकडेतिकडे बघायला लागली. मग हात हलवून पुन्हा ऐकल्या आणि लहान पोरीसारखी हसली. नळ, चिमणी, बाबूजींचा खोकला, प्रत्येक आवाजाला ती "हे काय वाजते?" विचारायची. मी खोलीतून "आई" म्हटलं आणि स्वयंपाकघरातून "ओ" आलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

ती हाक मात्र थांबली. दुपारी घर गप्प झालं की आई परसाच्या दारात बसायची, उजव्या कानात बोट घालून, डावा कान फरशीकडे करून. तशी कितीतरी वेळ बसायची. कान तर डावा तसाच होता, तरी हाक येत नव्हती. "बाहेरचंच इतकं वाजते," एकदा म्हणाली, "की त्यात तिचं बुडून गेलं." आणि मग हळूच, "तिले वाटलं असन, आईले दुसरी भेटली."

मला मुलगी झाली, माहेरी, रीतीप्रमाणे. पोरगी कुसकुसली की माझ्याआधी आई उठायची. मी बाळंतिणीच्या खोलीत पडून आईची चाहूल ऐकायचे आणि मनात म्हणायचे, आता ही माझी आहे. खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटत होतं.

"काऊन वं लहाने, किती आवाज द्यू तुले?" आई एकदा दारात येऊन म्हणाली. मला लहानी म्हणणारं आता तिच्याशिवाय कुणी नाही. मी म्हटलं, डोळा लागला होता. डोळा लागला नव्हता.

त्या दुपारी लोडशेडिंग होतं. पंखा बंद, चक्की बंद, पोरगी निजलेली. मी तिचे लंगोट घड्या करत होते. परसातून कुणीतरी हाक मारली. बारीक, लांबवलेली, एकसारखी हाक. विमलाबाई असतील म्हणून मी हातातलं टाकून उठले आणि दाराकडे निघाले. दाराशी आई बसली होती. ती शांत होती. तिने काहीच ऐकलेलं नव्हतं. तिने माझ्याकडे वर पाहिलं, मग माझ्या पावलांकडे, आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"कोन्या कानात?" तिने विचारलं.

माझा हात आपोआप डाव्या कानावर गेला.

हातोडी, ऐरण, रिकीब, मी मनात म्हटलं. रिकीब जाम होते आहे, एवढंच. घराण्यात असतं. मी फळ्यावर काढून दाखवू शकते. हाक तशीच येत होती, फरशीच्या त्या जागेवरून.

आईने माझं मनगट पकडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंद होता, आणि हेवा होता. हेवा मी चटकन ओळखते. "काय म्हनते वं?"

"'आई, आई' म्हनते," मी म्हटलं.

"मंग जा ना. ताटकळवू नको तिले. माह्यं तं आता काई चालत नाई."

मी परसात गेले. फरशी उन्हाने तापली होती. त्या जागेवर उभी राहून मी म्हटलं, "आली वं ताई, आली." माझाच आवाज मला डोक्यात मोठा वाटला. दारात बसलेल्या आईपर्यंत पोचला की नाही कोण जाणे.

पोचला होता. तिने दारातून विचारलं, बाबूजी विचारायचे तसंच, "थांबली का?"

"थांबली," मी म्हटलं.

थांबली नव्हती. आईच्याही वेळी ती कधी थांबली नसेल, हे मला तिथे उन्हात उभं राहून कळलं. मी पदराला हात पुसले आणि घरात आले.