चालेल

जयूचा एक शब्द रजनीच्या डोक्यात जायचा: चालेल. रजनी थोरली, जयू धाकटी जाऊ. माधव नगरातल्या एकाच घरात वर-खाली राहणाऱ्या. दसऱ्यानंतरच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत दोघींनी नाव दिलं, तेव्हा रसायनशास्त्र शिकवणाऱ्या रजनीनं सरावाचा तक्ता आखून फ्रिजवर लावला. जयूनं चहा गाळता गाळता तो पाहिला आणि म्हणाली, "चालेल."

पुढं मात्र तिनं स्वतःच्या मनासारखंच केलं. ताप आला, झोपून राहिली. पाहुणे आले, पोहे करत बसली. पाय जड वाटले की जवळच्या देवास गेटपासूनच परत फिरायची. हलके वाटले की थेट नदीवरचा राम घाट गाठायची आणि तिथं पाण्यात पाय सोडून बसायची. रजनीनं एक दिवस चुकवला नाही. तरी वेग वाढला तो जयूचा. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची जयू तर एकदम हिरनी आहे!" थोरल्या सुनेलाही पाय आहेत, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

श्रावणातल्या सोमवारी महाकाळाची सवारी, देवाची पालखी, गावातून निघाली. घाटाकडचे रस्ते बंद.

"वहिनी, आज दर्शन घेऊ. उद्या धावू."

"तक्त्यात आज बारा किलोमीटर आहेत."

"तक्त्याला काय माहीत सवारीचं?"

रजनी गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीभोवती गोल गोल धावत तिनं बारा किलोमीटर पुरे केले, सगळे एकाच दिशेनं. जयू प्रसाद घेऊन आली तोवर रजनीचा डावा गुडघा सुजला होता. तिनं तो कुणाला दाखवला नाही. जयू म्हणाली असती, थोडे दिवस थांबा; आणि तिचं बरोबर असतं.

शर्यतीच्या दिवशी रजनीला एकच हवं होतं: जयूच्या आधी पोचणं. निम्म्या वाटेपर्यंत ती पुढं होतीही. मग गुडघ्यात कळ आली आणि पाय उचलेना. मागून जयू आली.

"वहिनी, काय झालं?"

"काही नाही. तू जा पुढं."

ती थांबेल, हात धरेल, हट्ट करेल, हे रजनीनं गृहीतच धरलं होतं. मग तिचीही वेळ बिघडली असती.

जयूनं गुडघ्याकडे पाहिलं. हातातली पाण्याची बाटली रजनीला दिली.

"नक्की ना? चालेल," म्हणाली आणि गेली. वळणावर तिची वेणी उडताना दिसली. इतकं सोपं!

रस्त्याकडेचा स्वयंसेवक धावत आला. "मैडम, गाड़ी बुलवा दूँ? दौड़ तो अब नहीं होगी."

"गाडी नको."

"फिर? पैदल चलेगा?"

"चालेल," रजनी बोलून गेली आणि तिनं ओठ चावला.

लंगडत ती निघाली. पोचणार होती ती, उशिरा का होईना. पण हा शब्दसुद्धा आधीपासून जयूकडे होता, हे काही केल्या तिच्या मनातून जाईना.