पाचच्या ठोक्याला उठणारा डबा

संध्याकाळी पाचच्या ठोक्याला आईच्या खोलीतला कॉम्प्युटर आपणहून जागा व्हायचा. कुणी बटण दाबत नसे, कुणी खोलीत जात नसे. आतला पंखा फुरफुरायचा, पडदा उजळायचा आणि त्यात धाकट्याचं तोंड उगवायचं. आई पावणेपाचपासूनच केस विंचरून, ठेवणीतला निळा स्वेटर घालून समोर बसलेली असायची. "उठवला बघ डबा त्याने तिथून!" असं ती रोज म्हणायची आणि शेजारच्या खोलीत थोरल्याच्या पोटात रोज दुखायचं.

दुखणारच. या घरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस कोण? थोरला. खाली रस्त्याला लागून त्याचं दुकान होतं, एकवीस वर्षं चाललेलं. अख्ख्या वस्तीतली बंद पडलेली यंत्रं त्याच्या टेबलावर येत आणि सुरू होऊन घरी जात. धाकटा होता नर्स, समुद्रापलीकडच्या एका इस्पितळात. आठ महिन्यांपूर्वी सुट्टीवर आला, इंटरनेटवर कुठेसं वाचलं आणि एका दुपारी ही करामत करून गेला. आईने ती थोरल्याच्या गिऱ्हाइकांनासुद्धा वर्णन करून सांगितली, तीही त्याच्याच दुकानात उभी राहून! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

बरं, करामत तरी कसली? दोन वर्षांपासून आईला दोन्ही कानांनी ऐकू येत नसे. फोन तिच्या उपयोगाचा नव्हता. मोठ्या पडद्यावर समोरच्याचे ओठ दिसले की तिला बोलणं कळायचं. डब्याचं बटण टेबलाखाली होतं आणि तिचे गुडघे तिला वाकू देत नसत. दिवसभर पडद्याचा उजेडही तिला सोसवत नसे. म्हणून धाकट्याने डब्याला झोपायला शिकवलं होतं. झोपला तरी त्याचं नेटवर्क कार्ड चिमूटभर विजेवर कान उघडा ठेवून बसायचं. दुरून संदेशाचं एक छोटं पॅकेट यायचं, त्यात त्या कार्डाचा बारा अक्षरी पत्ता सोळा वेळा लिहिलेला असायचा. जेवायला ये, जेवायला ये, म्हणून आया हाका मारतात तसं. सोळाव्या हाकेला डबा उठायचा आणि व्हिडिओ-फोनची खिडकी आपोआप उघडायची. थोरल्याला हे पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं. आपल्याच आईसाठी करावं हे मात्र सुचलं नव्हतं, आणि खरी आग त्याचीच होती.

आईच्या गोळ्या तो द्यायचा. दवाखान्यात तो न्यायचा. गुडघ्यांना तेल तो लावायचा. त्यावर आईचा शब्द एकच, "हं." आणि अडतीस वर्षांच्या, टक्कल पडत चाललेल्या त्या धाकट्याला मात्र "पिल्लू"!

"काहीतरी जळतंय वाटतं," एकदा पाच वाजता बायको म्हणाली. "खाली दुकानात, की इथेच जवळपास?"

दुसऱ्या दिवशी आई गॅलरीत उन्हाला बसलेली असताना थोरला तिच्या खोलीत गेला. वायर उपटली नाही, काही तोडलं नाही. ते अडाण्याचं काम. त्याने सेटिंगमध्ये एवढंच बदललं, की अर्धा तास झोपल्यावर डब्याने गाढ झोपेत जावं. सगळं आठवणीत ठेवून, वीज पार बंद करून. त्या झोपेत या डब्याच्या कार्डाला थेंबभरही वीज मिळत नसे. मग सोळा काय, सोळाशे हाका मारा.

पाच वाजले. डबा उठला नाही. आई सातपर्यंत काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी धाकट्याने थोरल्याला फोन केला.

"दादा, डबा उठत नाहीये रे. मी काहीतरी चुकीचं करून ठेवलं असेल. तूच बघ ना, मला कुठे तुझ्याएवढं कळतं?"

"कार्ड गेलं असेल," थोरला म्हणाला. "बघतो सवडीने."

खोटं बोलताना त्याची जीभ जराही अडखळली नाही, याचं त्याला नंतर नवल वाटलं. संध्याकाळी दुरुस्तीचं नाटक म्हणून तो टेबलाखाली शिरला, तेव्हा आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे. तुझ्या हातून नाही व्हायचं ते. पिल्लू आला की करेल."

एकवीस वर्षांचं दुकान! ते वाक्य त्याला रात्रभर टोचत राहिलं. ठीक आहे, आता दाखवतोच. सकाळी आई आंघोळीला गेली तसं त्याने बटण दाबून डबा उठवला, सेटिंग पूर्ववत केलं आणि त्याला पुन्हा साध्या झोपेत पाठवलं. अकराच्या सुमाराला आई येऊन खुर्चीत बसली. थोरला आपला लॅपटॉप घेऊन बाहेरच्या बोळकांडीत उभा राहिला. दार अर्धं उघडं होतं. तिचा चेहरा कसा खुलतो, ते एकदा त्याला आपल्या हाताने करून बघायचं होतं. मग आत जाऊन सांगायचं, बघ, मलाही येतं. त्याने पॅकेट सोडलं.

डबा उठला. फोनची खिडकी उघडली, पण पलीकडे कुणीच नसल्यामुळे तीत आईला फक्त स्वतःचंच तोंड दिसलं. तिचा चेहरा खुलला नाही, उतरला. एक गोष्ट थोरल्याच्या डोक्यातच आली नव्हती. इथे सकाळचे अकरा, तर तिथे रात्रीचा दीड.

"पिल्ला? इतक्या रात्री?" आई पडद्याला म्हणाली. "झोप लागत नाहीये का? तुझं तोंड दिसत नाही रे, माझंच थोबाड दिसतंय. पण तू ऐकत असशील." ती पुढे सरकली. "माझी काळजी करत जागू नकोस. दादा सगळं करतो माझं. एक दिवस चुकत नाही."

बाहेर थोरल्याची छाती फुगली. फार वेळ नाही.

"फक्त एक सांग त्याला. तुझं ऐकेल तो. बोलतो तेव्हा दारातून बोलतो, नाहीतर पाठ करून, नाहीतर मान खाली घालून गोळ्या मोजत. त्याचे ओठच दिसत नाहीत मला. मी आपली हं म्हणते. दोन वर्षं झाली, त्याचं एक वाक्य धड कळलं नाही. तू सांगतोस तेवढंच कळतं मला, दादा कसा आहे ते."

ती थांबली. उत्तराची वाट बघू लागली. मग पडद्याकडे आणखी झुकली. "बरा आहेस ना रे? ताप-बिप नाही ना? बोलू नकोस, नुसती मान हलव."

"आई, तो नाहीये तिथे," थोरला दारातून म्हणाला. सवयीने. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. ती पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन कुणाची तरी मान हलते का ते बघत होती.

तेव्हा तो आत गेला. स्टूल ओढून तिच्या आणि पडद्याच्या मधे बसला, गुडघ्याला गुडघा लावून. इतक्या जवळून त्याने तिच्याकडे कधी बघितलं होतं, ते त्याला आठवेना.

"तो बरा आहे. झोपलाय," तो म्हणाला. "डबा मी उठवला."

आई त्याच्या ओठांकडे बघत होती.

"आणि तीन दिवस बंदही मीच पाडला होता. मुद्दाम. मला बघवत नव्हतं."

आईच्या तोंडावरची रेघही हलली नाही. तिला कळलं की नाही, ते त्याला ओळखता येईना. तिने हात पुढे करून त्याची हनुवटी धरली आणि उजेडाकडे वळवली.

"परत सांग," ती म्हणाली. "सावकाश."

आणि थोरल्याने ते सगळं पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून.