यादीतलं सहावं नाव

माझ्या मुलीला कॅन्सर झाल्याची बातमी आमच्या चर्चच्या मंडळीला मीच दिली. व्यासपीठावरून, माइकवर, खणखणीत आवाजात. मलाही ती तेव्हाच कळली.

आमच्या अंबरनाथच्या चर्चमध्ये दर रविवारी उपदेशाआधी विनंत्या वाचतात. दाराशी एक लाकडी पेटी असते. ज्याच्यावर काही बेतलं असेल त्याने चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची, पंचांपैकी एकाने ती वाचायची, आणि मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. गेली बावीस वर्षं हे वाचायचं काम माझ्याकडे आहे. आवाज चांगला आहे, आणि कारखान्यात जन्मभर लेथवर काम केल्यामुळे ओरडून बोलायची सवयही आहे.

त्या रविवारी पाळकांची अदलाबदल होती. आमचे पाळक बदलापूरला गेले होते आणि तिकडचा नवा, तरुण पाळक आमच्याकडे आला होता. त्याने येताना आपल्या मंडळीची यादीही आणली. "बंधू, आमच्याकडच्या पण वाचाल का?" म्हणाला. मी चष्मा लावला आणि सुरू केलं. पाचव्या नंबरला कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन होतं. सहाव्याला लिहिलं होतं: अनुया अनीश रणपिसे, कुळगाव. कॅन्सर. चौथी केमो येत्या बुधवारी. धीर टिकावा म्हणून.

हे मी वाचलं. जिभेला सवय असते, ती डोक्यासाठी थांबत नाही. त्याहून वाईट म्हणजे मी सातवी विनंतीही वाचली. कुणाला तरी दुबईचा व्हिसा हवा होता. मग आठवी वाचली. यादी संपवली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि खाली येऊन बसलो. बायकांच्या बाजूला माझी बायको कुंदा मान खाली घालून बसली होती. आजूबाजूच्या बायका दचकून तिच्याकडे बघत होत्या. ती मात्र दचकलेली नव्हती. तेव्हा मला कळलं की हिला माहीत होतं.

बाहेर आल्यावर लोक माझा हात हातात घेऊन म्हणत होते, "भिंगारदिवे बंधू, केवढा तुमचा विश्वास! आवाज जरासुद्धा हलला नाही." एकाच्याही कानाखाली मी ठेवून दिली नाही, एवढंच काय ते मी त्या दिवशी बरं केलं.

माझं म्हणणं काय होतं, ते आधी सांगतो. मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

माझे वडील शिवराम नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. दुष्काळात मिशनच्या आवारात रांग लागायची, अमेरिकेतून आलेली दुधाची पावडर आणि मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, पिशवीतून मिळायची. वडील त्या रांगेत उभे राहायचे आणि मी त्यांचं बोट धरून. शाळेत पोरं मला 'पावडर' म्हणायची. मास्तर हजेरी घेताना हसायचे. पोटासाठी बाटलेले लोक, असं आमच्याबद्दल गावात सरसकट म्हटलं जायचं. माझ्या वडिलांइतका देवभोळा माणूस मी पाहिला नाही, पण त्या पिशवीपायी त्यांची भक्ती कुणाला खरी वाटली नाही. मी अंबरनाथला कारखान्यात चिकटलो तेव्हाच ठरवलं, आपल्या मुलांच्या विश्वासावर असं बोट कुणी ठेवू शकणार नाही. ख्रिस्ती माणसाने देवापुढे गुडघे टेकावे आणि माणसांपुढे ताठ उभं राहावं. पौल एवढा मोठा प्रेषित, पण तंबू शिवून पोट भरायचा. ते उदाहरण मी घरात इतक्यांदा दिलं की माझा मुलगा विनीत लहानपणी पौलाला शिंपी समजायचा.

घरात नियम होता. कुठलीही गोष्ट आधी तीनदा स्वतः करून बघायची, मगच विचारायचं. सायकलची चेन, इस्त्रीची वायर, इंग्रजीचा धडा, सगळ्याला हाच नियम. दहा वर्षांची असताना अनुया संडे स्कूलच्या सहलीला गेली होती, बदलापूरजवळ बारवी धरणाच्या बाजूला. तिथे झाडावरून पडून तिचा हात मोडला. ती कुणाला काही बोलली नाही. मोडका हात पोटाशी धरून घरी आली, चप्पल जागेवर ठेवली, आणि म्हणाली, "पप्पा, तीनदा सरळ करून बघितला, होत नाहीये."

ही गोष्ट मी मंडळीत साक्ष म्हणून सांगितली. एकदा नव्हे, तीन-चारदा. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये ज्या सिंधी शेटच्या वर्कशॉपला मी रिटायर झाल्यावर जातो, त्यालाही सांगितली. तो हातातला चहा ठेवून म्हणाला, "साईं, बच्ची को दर्द नहीं हुआ क्या?" मला त्याचा राग आला होता. कौतुक करायचं सोडून हे काय विचारतो, असं वाटलं होतं.

आणि एक चिठ्ठी. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. अनुया बारावीत होती. पेटीतून एक चिठ्ठी निघाली, खाली नाव नव्हतं. 'मला गणित कळत नाही. खूप भीती वाटते. माझ्यासाठी प्रार्थना करा.' अक्षर मी ओळखलं. पुढची चिठ्ठी घेता आली असती. मी ती मोठ्याने वाचली आणि वर म्हणालो, "ही विनंती माझ्याच घरची आहे. या बहिणीचे गुडघे प्रार्थनेने झिजलेत, पण पेन्सिल काही झिजलेली दिसत नाही." मंडळी खो खो हसली. मलाही हसू आलं. अनुया तिसऱ्या बाकावर बसली होती, तीही हसली. गणितात तिला एकोणसत्तर मिळाले, आणि माझी पद्धत बरोबर होती याचा मी तो पुरावा मानला.

त्यानंतर तिने मला काहीच विचारलं नाही. नोकरी स्वतः शोधली, अनीशला स्वतः निवडलं, कुळगावात घर स्वतः बघितलं. विनीतही तसाच, पुण्याहून महिन्यातून एकदा फोन करतो, सगळं ठीक आहे म्हणतो आणि ठेवतो. पोरं सारखी घरी येत नाहीत याचा मला अभिमान होता. शेजारच्यांची येतात, कधी हे हवं, कधी ते हवं. आमची येत नाहीत, कारण त्यांचं अडत नाही, असं मी सांगत फिरायचो. नाताळनंतर अनुया आली नव्हती. ऑफिसात ऑडिट आहे म्हणाली. ईस्टरला तिने अंगात कणकण आहे असा मेसेज पाठवला. मी उलट लिहिलं, 'आल्याचा काढा घे.'

त्या रविवारी घरी आल्यावर मी कुंदावर ओरडलो. "चार महिने! चार महिने तू माझ्या ताटात भाकरी वाढत होतीस आणि..."

"ती सांगू नको म्हणाली."

"का पण? मी काय परका आहे?"

कुंदाने पदराने चेहरा पुसला. "तुम्ही पहिलं वाक्य काय बोलला असतात, सांगू? इतके दिवस डॉक्टरला का नाही दाखवलंस, म्हणाला असतात. तिला ते ऐकायचं नव्हतं."

यादी वाचून खाली येताना माझ्या मनात पहिला विचार तोच आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली आणि कुळगावला गेलो. वाटेत मी स्वतःला दहा वेळा बजावलं की ते वाक्य बोलायचं नाही. दार एका अनोळखी म्हातारीने उघडलं. नऊवारी लुगडं, हाताला पीठ लागलेलं.

"कोन पायजे?"

"अनुया."

"निजलीय ती. आताच दोन घास खाल्लेत. तुमी कोन?"

"मी तिचा बाप."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "बाप? मना वाटला, बाप नाय तिला." मग स्वतःच ओशाळली. "या ना, आत या. मी विठा, चामटोलीची. भाजी घालते इथं. सोमवारची मी असते."

सोमवारची म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा कळलं. फ्रिजवर कागद चिकटवला होता. त्यावर वार होते आणि वारापुढे नावं. सोमवारी विठामावशी. मंगळवारी शीला, ती त्या पाळकाची बायको. बुधवारी, म्हणजे केमोच्या दिवशी, दवाखान्यात सोबतीला समोरच्या शालनताई. त्यांच्या दारावर मी येताना बाबासाहेबांचा फोटो पाहिला होता. गुरुवार-शुक्रवारपुढे ऑफिसातली एक मुलगी होती, रविवारपुढे अनीश, त्याची सुट्टी म्हणून. म्हणजे माझ्या मुलीने हात पसरला होता. भाजीवालीपुढे, शेजारणीपुढे, ऑफिसातल्या पोरीपुढे. जगात फक्त माझ्यापुढे पसरला नव्हता. आणि शनिवारपुढे लिहिलं होतं, मम्मी. शनिवारी कुंदा महिला मंडळाच्या प्रार्थनेला जाते, असं मी जानेवारीपासून समजत होतो. परत येताना तिला रिक्षा मिळत नाही म्हणून दोनदा मी तिला स्टेशनवरून स्कूटरने आणलंही होतं.

अनुया उठली तेव्हा डोक्याला स्कार्फ होता. भुवया नव्हत्या. भुवया नसल्या की माणूस सतत आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. "पप्पा, तुम्ही?" म्हणाली.

मी तिच्याजवळ बसलो. हात धरावा असं वाटलं, पण त्याला सुई टोचलेल्या जागी काळंनिळं झालं होतं, आणि मला काय करायचं ते सुचेना. मग तोंडातून निघून गेलं, "इतक्या उशिरा का दाखवलंस?"

ती हसली. खरंच हसली, राग नव्हता. "मम्मी म्हणालीच होती."

"चुकलो गं. चुकून बोललो."

"असू दे. पप्पा, तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही धावत आला असतात, हे मला ठाऊक होतं. पण आल्याबरोबर आधी माझं कुठे चुकलं ते शोधलं असतं. ते ऐकून घ्यायची ताकद नव्हती माझ्यात. सगळी ताकद उलट्या काढण्यातच जात होती."

विठाबाईने मऊ भात आणून तिच्यापुढे ठेवला. अनुयाने दोनदा नको म्हटलं, तेव्हा ती म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "माझे बाय, येक घास, माझ्यासाठी." आणि अनुयाने तोंड उघडलं. पस्तीस वर्षांच्या माझ्या मुलीने, जिला मी दीड वर्षाची असताना स्वतःच्या हाताने जेवायला शिकवलं होतं, तिने दुसऱ्याच्या हातून घास घेतला. मी भिंतीकडे बघत बसलो. मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. इतका हेवा मला फोरमन झालेल्या माणसाचाही कधी वाटला नव्हता.

निघताना मी म्हणालो, "मला एक वार दे."

अनुयाने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "सगळे भरलेत, पप्पा."

"कुणाचा तरी काढ. मी बाप आहे तुझा."

"कुणाचा काढू? मी अंघोळ करताना पडले तेव्हा विठामावशी टोपली रस्त्यात टाकून धावत आली होती. तिला येऊ नको सांगू? शालनताई माझ्यासाठी रजा टाकतात." ती अगदी प्रेमाने बोलत होती, एखाद्या पाहुण्याशी बोलावं तसं. "कुणाला अडचण आली, तर मी तुम्हाला नक्की फोन करीन. नक्की."

याला तीन आठवडे झाले. मऊ भात करायला शिकलो आहे. तिखट न घालता, तुपाशिवाय, डाळीचं नुसतं पाणी काढून. पहिल्या दोन वेळा करपला, तिसऱ्यांदा कुंदाला विचारलं. फोन खिशात असतो. वर्कशॉपमध्ये लेथचा आवाज असतो म्हणून आता तिकडेही जात नाही. कुंदा शनिवारी उघडपणे जाते, आल्यावर सांगते, आज खाल्लं, आज नाही खाल्लं. मी येऊ का म्हटलं की म्हणते, "तिने बोलावलं तर या." फोन आलेला नाही. तीन आठवड्यांत एकाही बाईचा वार चुकलेला नाही. माणसं एवढी शब्दाला पक्की असतात, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळतंय आणि त्यांचा मला संताप येतोय.

काल संध्याकाळी आम्ही दोघं नेहमीसारखे प्रार्थनेला बसलो. मी मोठ्याने प्रार्थना करतो आणि शेवटी कुंदा आमेन म्हणते, असं आमचं अडतीस वर्षं चाललं आहे. मी आभार मानले, आजाऱ्यांची नावं घेतली, अनुयाचं घेतलं. मग डोळे मिटलेलेच होते आणि माझ्या तोंडून निघालं, "प्रभू, त्या विठाबाईला ताप येऊ दे. फार नको. एका सोमवारापुरता."

मी वाट पाहिली. कुंदा आमेन म्हणाली नाही. ती उठली आणि कुकर लावायला गेली.