शुक्रवारचे शेंडे

हेर्मिनियाचा जन्म कारल्यांची लग्नं लावण्यात गेला आणि स्वतःचं तेवढं राहून गेलं, असं फिलिपिन्समधल्या नुएवा एसिहाच्या त्या बियाणे केंद्रात सगळे म्हणत. तीही हसून घेई. आता डिसेंबरात निवृत्ती होती आणि त्याआधी एकच संकर जमवायचा होता. त्यातला आईकडचा वेल चिवट, रोगाला न जुमानणारा. बापाकडचा नुसता लगडणारा. दोघांचं जमलं असतं तर गावातल्या मांडवांवर दुप्पट कारली धरली असती.

पण केंद्रावरचे बापाकडचे सगळे वेल रोगाने गेले. साठवणीतलं जुनं बी पेरलं, त्यातलं एकच उगवलं. ते रोप तिने लांब, आपल्या परसात लावलं. कोंबड्यांसाठी कुंपण केलं, रोग आणणाऱ्या किड्यांसाठी जाळी लावली, शेजारणीला दटावून ठेवलं. आता वेल कळ्यांवर आला होता. उद्या पहाटे फुलं उमलली की खुडून न्यायची आणि केंद्रावरच्या मादीफुलांना लावायची. तिथले वेल वय होऊन पिवळे पडत चालले होते, या आठवड्यानंतर ते फुलणार नव्हते.

दुपारी ती घरी आली ती पाय ओढतच.

"बस आधी," तिची आई म्हणाली. "तोंड बघ, सुक्या बोंबलासारखं झालंय."

भात, तळलेली मासळी आणि मुगाची आमटी. हेर्मिनिया दोन वाट्या आमटी प्यायली. तिसरी घेताना म्हणाली, "छान झालीय गं, नानाय. शेंडे कुठून आणलेस?"

"आणायचेत कशाला? परसात एवढा वेल माजलाय. शुक्रवारचे मूग कारल्याच्या शेंड्यांशिवाय खायचे का? कोवळे होते, कळ्यांसकट खुडले. आणि जाळी परत बांधून ठेवलीय हो, नाहीतर तू डोकं खाशील माझं."

हेर्मिनिया परसात गेली. जाळीला गाठ अगदी नीट मारलेली होती. आत वेलाचे नुसते खुंट आणि जून पानं. कोंबड्या, किडे, शेजारीण, सगळ्यांचा बंदोबस्त तिने केला आणि शुक्रवार विसरली. कळायला लागल्यापासून दर शुक्रवारी ती हेच जेवत आली होती.

रडू येईल म्हणून ती थांबली. आलं नाही. उद्या पहाटे उठायला नको, एवढंच मनात आलं आणि अंग सैल पडलं. त्या सुटकेची तिला लाज वाटली, पण सुटका वाटली ती वाटलीच.

आई दारात आली होती. "माझं काही चुकलं का गं?"

"नाही."

"काळजी करू नकोस. खुडलं की वेल जास्तच फुटतो. थोड्या दिवसांत बघ, मांडव भरून जाईल."

"भरेल," हेर्मिनिया म्हणाली. "तेव्हाही खुड."